पूना नावाचा जंतू

२०१५ च्या जानेवारीपासून पुढल्या वर्षाच्या एप्रिलपर्यंतच्या अवधीत अमेरिकेच्या २६ राज्यांतील १३३ माणसांना साल्मोनेला जंतूंची बाधा झाली, आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राने एकमेकींना लागून आलेल्या या चार साथींचा माग काढून जी माहिती जाहीर केली तिच्यात रोगकारक जंतूंच्या नावांपैकी एक 'साल्मोनेला सँडियागो' आणि दुसरे 'साल्मोनेला पूना' असे होते. हे पूना म्हणजे आपलेच पुणे. आजाऱ्यांपैकी शेकडा ४१ मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि तपास करणाऱ्यांची पावले शेवटी येऊन थांबली ती जुन्या चांदीच्या रुपयाएवढ्या, हिरव्यागार पाठीच्या, कानशिलावर तांबडा पट्टा असलेल्या कासवाच्या पिल्लांपाशी. ही पिल्ले कोणी जत्रेच्या बाजारात घेतली होती, कोणी रस्त्याच्या कडेला बसलेल्या विक्रेत्याकडून, तर कोणाला ती भेट म्हणून आली होती. मुळा-मुठेच्या काठच्या शहराचे नाव सातासमुद्रांपलीकडच्या लेकरांच्या दुखण्याच्या दप्तरात कसे नोंदले गेले, हे सांगायचे तर आधी या जंतूंच्या कुळाची ओळख करून दिली पाहिजे.

साल्मोनेला हे नाव डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या आडनावावरून पडले आहे. सरकारी शेतकी खात्यात त्याच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा तरुण संशोधक काम करीत होता, आणि १८८५ च्या सुमारास डुकरांच्या एका मारक साथीचे कारण शोधताना त्यालाच हा जंतू प्रथम हाती लागला. पुढे असे सिद्ध झाले की ती साथ मुळात एका विषाणूची होती आणि हा जंतू त्या आजारी देहांत आश्रयाला आलेला होता, परंतु १९०० साली नामकरण झाले ते खातेप्रमुखाच्या नावाने, आणि स्मिथचे श्रेय विद्वानांच्या टिपणांत तेवढे शिल्लक राहिले. या कुळाच्या जाती पाहू गेल्यास दोनच, पण पोटभेद अडीच हजारांहून अधिक आहेत, आणि ज्या गावी एखादा पोटभेद प्रथम सापडला त्या गावाचे नाव त्याला द्यावे असा पायंडा पडल्यामुळे या कुळाची यादी वाचताना भूगोलाच्या पुस्तकाची शब्दसूची वाचीत असल्याचा भास होतो: पनामा, पोमोना, हार्टफर्ड, सँडियागो. पुण्यात प्रथम सापडला तो पूना. शहराचे नाव बदलले तरी जंतूच्या दप्तरी ते जुन्याच रूपात राहिले आहे. पुणेकरांनी यात खंत मानण्याचे कारण नाही. एखादा जंतू आपल्या गावी प्रथम ओळखला गेला याचा अर्थ तेथे तो ओळखणारी प्रयोगशाळा आणि ओळखणारी माणसे होती, एवढाच.

या कुळातला एक अत्यंत दारुण इसम आपल्या घराघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्याला आपल्या आज्या मुदतीचा ताप म्हणत, वैद्य विषमज्वर म्हणत आणि आज आपण टायफॉइड म्हणतो, तो साल्मोनेला टायफी याच जंतूपासून होतो. आणि तापाला आठवडा झाला की डॉक्टर जी विडालची परीक्षा लिहून देतात ती १८९६ साली फ्रान्सच्या फर्नांद विडालने याच जंतूसाठी प्रचारात आणली. टायफी हा केवळ मनुष्यदेहात राहतो, कासवाशी किंवा सापाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचे जे असंख्य भाऊबंद पशुपक्ष्यांत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत राहतात ते माणसाच्या पोटात गेल्यास मुदतीचा ताप आणीत नाहीत. सहा तासांपासून सहा दिवसांच्या आत ताप, मुरडा आणि जुलाब सुरू होतात, आणि निकोप प्रकृतीचा प्रौढ मनुष्य चार ते सात दिवसांत बहुधा आपोआप बरा होतो. परंतु या 'बहुधा' शब्दाच्या बाहेर जी माणसे उरतात, म्हणजे तान्ही आणि रांगती मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, कर्करोगावरचे उपचार घेणारे, आणि ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती कोणत्याही कारणाने खचलेली आहे असे सारे, त्यांच्या बाबतीत हाच जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा हाडांपर्यंत जाऊन बसतो. हा सारा लेख त्यांच्यासाठीच आहे.

आता कासवाकडे वळू. ज्या प्राण्यापासून रोग होतो तो स्वतः रोगट दिसला पाहिजे, मलूल असला पाहिजे, अन्न टाकीत असला पाहिजे, अशी आपली स्वाभाविक समजूत असते, आणि गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या पुष्कळ रोगांत ती खरीही ठरते. कासवाच्या बाबतीत ती पार चुकते. साल्मोनेला हा कासवाच्या, सापाच्या, सरड्याच्या आणि घोरपडीच्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी आहे. माणसाच्या आतड्यात जसे शेकडो निरुपद्रवी जंतू सुखाने नांदतात तसा तो तेथे नांदतो, यजमानाला त्याची काही बाधा होत नाही, आणि म्हणून टवटवीत डोळ्यांचे, चपळ, हातावरचे खाणे झडप घालून घेणारे कासवही तितकेच जंतुवाहक असू शकते. इतकेच नव्हे, तर हे जंतू त्याच्या विष्ठेतून अखंडपणे बाहेर पडत नाहीत. कधी पडतात, कधी आठवडेच्या आठवडे पडत नाहीत, आणि प्रवास, गर्दी, थंडी, जागेची अदलाबदल अशा कोणत्याही त्रासाने एकाएकी त्यांचा लोंढा वाहू लागतो. आज तपासलेली विष्ठा निर्दोष निघाली यावरून उद्याची निर्दोष असेल असे अनुमान काढता येत नाही. ज्या दिवशी पिल्लू पेटाऱ्यात घालून, हेंदकाळत, अनोळखी घरी आणले जाते आणि घरातली सारी मुले त्याच्याभोवती कोंडाळे करतात, तोच दिवस जंतूंच्या दृष्टीने अत्यंत सुगीचा असतो.

निरोगी दिसणाऱ्या देहातून रोग पसरावा ही कल्पना पचवायला वैद्यकशास्त्रालाही सायास पडले होते. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. १९०७ साली तिच्या हातच्या अन्नातून अनेक घरांत टायफॉइड पसरल्याचे उघडकीला आले तेव्हा तिचा त्यावर विश्वासच बसेना, कारण ती स्वतः ठणठणीत होती, आणि आपण कधीही त्या तापाने आजारी पडलो नाही असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तिला एका बेटावरील रुग्णालयात अटकेत ठेवले, १९१० साली पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले, १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली, आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. तिच्यावर झालेल्या सक्तीबद्दल पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तिची कणव येतेच. पण मेरीला निदान 'हात धू' असे सांगता येत होते. कासवाला ते सांगता येत नाही, म्हणून जे काही सांगायचे ते त्याच्या धन्याला सांगावे लागते.

अमेरिकेत ते सांगण्याची वेळ १९६० नंतरच्या दशकात आली. तांबड्या कानाच्या या कासवाचे मूळ घर मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे, आणि त्या खोऱ्याच्या दक्षिण टोकाच्या लुइझियाना राज्यात त्यांची रीतसर शेती होते: तळ्यांत शेकडो माद्या पाळायच्या, काठावरच्या वाळूतून अंडी गोळा करायची, ती उबवून निघालेली पिल्ले लाखांच्या संख्येने देशभर रवाना करायची. स्वस्त, निमूट, भुंकत नाही, केस गाळीत नाही, लहानशा काचपेटीत मावते, अशा गुणांमुळे हे पिल्लू घरोघर शिरले. १९६३ मध्ये अशा कासवापासून झालेल्या बाधेची नोंद झाली, आणि नोंदी वाढत जाऊन १९७०-७१ च्या सुमारास अंदाज निघाला तो थक्क करणारा होता: दरसाल सुमारे २ लाख ८० हजार माणसांना कासवांपासून ही बाधा होत होती, म्हणजे त्या देशातल्या साल्मोनेलाच्या एकंदर रोग्यांपैकी शेकडा १४ जणांचे दुखणे या रुपयाएवढ्या प्राण्यापासून आलेले होते.

सरकारने प्रथम जो उपाय केला तो दाखल्याचा. १९७२ साली असा हुकूम निघाला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कासवे पाठवायची असतील तर ती जंतुमुक्त असल्याचा दाखला सोबत हवा. कोणत्याही सरकारला प्रथम हाच उपाय सुचावा यात नवल नाही, कारण दाखला ही मोजता, शिक्का मारता आणि फायलीला लावता येण्यासारखी वस्तू आहे. परंतु वर सांगितलेला विष्ठेतील जंतूंचा लपंडाव ध्यानात घेतला म्हणजे तो दाखला का फसला हे सांगावे लागत नाही. तपासणीच्या दिवशी जंतू सापडले नाहीत, दाखला मिळाला, आणि दुकानाच्या टाकीत इतरांसवे पोहताना त्याच पिल्लांच्या अंगी ते पुन्हा आले किंवा आतडे सोडून बाहेर पडले. तीन वर्षांत दाखल्यावरचा भरवसा उडाला आणि १९७५ साली त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने सरळ मनाई केली: ज्या कासवाचे पाठकवच चार इंचांहून कमी लांबीचे आहे ते विकायचे नाही, शास्त्रीय अभ्यास, शिक्षण आणि प्रदर्शन यांपुरती तेवढी सूट. त्याच वर्षी कॅनडानेही कासवांच्या आयातीला बंदी घातली.

चार इंचच का, असा प्रश्न मला हा नियम प्रथम वाचला तेव्हा पडला होता, कारण पाच इंचांच्या कासवाच्या आतड्यातही जंतू असतातच. या मापाचा उगम मुलाच्या तोंडात आहे. रांगते मूल जग चाखून ओळखते; जी वस्तू तोंडात जाते ती त्याची झाली. चार इंचांहून लहान कासव मूठभर असते, ते तोंडाशी नेता येते, चोखता येते, आणि मोठे कासव नेता येत नाही. मुलाच्या स्वभावाचा इतका नेमका विचार करून केलेला कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. या मनाईमुळे दरवर्षी सुमारे एक लाख बालकांचे दुखणे टळले असा तेथील आरोग्यखात्याचा अंदाज आहे.

मनाईला वाटा फुटल्याच. परदेशी निर्यातीस ती लागू नव्हती, म्हणून लुइझियानाची पिल्ले पेट्या भरभरून आशिया आणि युरोपात जाऊ लागली, आणि पोर्तो रिको बेटावर तर तान्ह्या मुलांच्या साल्मोनेलाच्या दुखण्यांचा मागोवा घेता तो पुन्हा या कासवांपाशीच पोचला; १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने कासवांच्या जागतिक व्यापाराचा हा धोका स्पष्टपणे मांडला. अंडी उबवण्यापूर्वीच जंतुमुक्त करावीत म्हणून लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावात ती बुडवण्याची युक्ती काढली. जंतू अंड्यात शिरतो तो असा की मादीच्या शरीरातून अंडे ज्या मार्गाने बाहेर येते तोच विष्ठेचाही मार्ग असतो, आणि उबदार अंडे बाहेर येऊन थंड होताना आकसते तेव्हा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरचा ओलावा जंतूंसह आत ओढला जातो. तेव्हा हीच क्रिया उलटवून, दाब कमीजास्त करून, औषध आत घालावे अशी ती कल्पना होती. कल्पना बुद्धीची होती आणि जंतूंचे प्रमाण तिने खाली आणलेही. पण काही वर्षांतच जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेला कासवांत सापडू लागले. प्रतिजैविकाने कासव शुद्ध करू पाहणाऱ्याने शेवटी अधिक चिवट जंतू निर्माण करावा, आणि तो माणसाच्या मुलाला लागल्यावर डॉक्टरच्या हातचे एक औषध निकामी झालेले असावे, याहून वाईट सौदा कल्पिता येत नाही. घरी कासव पाळणाऱ्यांनीही दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात प्रतिजैविकाची पूड टाकू नये ती याचसाठी.

२००७ साली फ्लोरिडात काही आठवड्यांचे एक अर्भक साल्मोनेला पोमोनाच्या बाधेने दगावले, आणि त्याच्या घरी जे कासव होते त्याच्या पाठकवचाची लांबी होती सव्वा इंच. मनाई होऊन तेव्हा ३२ वर्षे झाली होती. काही आठवड्यांचे मूल कासव उचलून तोंडात घालीत नाही, मान सावरण्याचीही त्याच्यात शक्ती नसते. मग जंतू त्याच्यापर्यंत पोचतो कसा? या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले त्याला या विषयातले बहुतेक सारे समजले.

उत्तर पाण्यात आहे. कासव ज्या पाण्यात राहते त्यातच मलोत्सर्ग करते, त्यातच खाते, आणि त्यातच त्याची पाठ, पाय, नखे न्हाऊन निघतात. म्हणजे साल्मोनेला एकट्या विष्ठेत राहत नाही, तो त्या पाण्याच्या थेंबाथेंबात, काचेवर साचलेल्या बुळबुळीत थरात आणि कासवाच्या कवचावर पसरलेला असतो, आणि पाणी शिळे होत जाते तसा वाढत जातो. पुण्यातील एका परिचितांच्या घरी मी असे पाहिले आहे की कासवाची काचपेटी स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलेली होती, कारण तेथे पाणी बदलणे सोपे जाई; दर रविवारी ते पाणी भांडी घासण्याच्या मोरीत ओतले जाई, पेटी त्याच घासणीने घासली जाई, आणि नंतर त्याच मोरीत बाळाची दुधाची बाटली धुतली जाई. त्या घरातली माणसे अत्यंत स्वच्छ होती. कपबशीवर डाग राहिलेला त्यांना खपत नसे. पण डाग दिसतो, जंतू दिसत नाही, आणि कासवाचे पाणी त्यांच्या मनाने माशाच्या पाण्यासारखे निरुपद्रवी मानले होते. अर्भकाला कासव शिवावे लागत नाही. कासव हाताळलेला आईचा, भावंडाचा किंवा सांभाळणाऱ्या बाईचा हात त्याला शिवला, तो हात न धुता दुधाच्या वाटीशी गेला, म्हणजे पुरते.

स्पर्शाची ही साखळी किती लांब जाऊ शकते याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण १९९६ च्या जानेवारीत डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात घडले. कोमोडो ड्रॅगन या इंडोनेशियातील अजस्र घोरपडी तेथे लहान मुलांना जवळून दाखवण्यासाठी आणल्या होत्या, आणि त्या प्रदर्शनानंतर ६५ जण साल्मोनेलाने आजारी पडले, बहुतेक मुलेच. घोरपडींना यांच्यापैकी कोणीही हात लावला नव्हता. तपासात निघाले ते असे की घोरपडींच्या भोवती जो लाकडी कठडा होता त्यावर त्यांनी आपले पुढचे पाय टेकले होते, आणि मुलांनी तोच कठडा धरून आत डोकावून पाहिले होते. ज्यांनी कठड्याला हात लावला ते अधिक आजारी पडले, आणि ज्यांनी संग्रहालयातून निघण्यापूर्वी साबणाने हात धुतले ते बव्हंशी वाचले. एवढ्या अफाट प्राण्याच्या जवळ जाऊनही बाधा आली ती लाकडाच्या एका फळीवरून, आणि टळली ती साबणाच्या वडीने.

कासवापुरते बोलून थांबता येत नाही, कारण हल्ली पाळण्याची हौस इग्वाना, दाढीवाला ड्रॅगन म्हणून विकला जाणारा ऑस्ट्रेलियन सरडा, अजगर आणि नाना रंगांचे साप इथवर गेली आहे, आणि या सर्वांच्या आतड्यांचा हिशेब कासवासारखाच आहे. सापांच्या बाबतीत आणखी एक दार उघडे राहते: त्यांना खाऊ घालण्यासाठी गोठवलेले उंदीर मिळतात, ते घरच्या शीतकपाटात भाजीपाल्याशेजारी ठेवले जातात आणि स्वयंपाकघरात वितळवले जातात, गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, आणि अशा उंदरांपासून २०१० च्या आसपास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साथ पसरल्याची नोंद आहे. स्वीडनची हकीकतही बोलकी आहे. त्या देशात सरपटणारे प्राणी आणताना जंतुमुक्ततेचा दाखला लागत असे. युरोपीय संघात प्रवेश केल्यावर १९९६ मध्ये तो निर्बंध उठला, लागलीच या प्राण्यांपासून होणाऱ्या बाधांची संख्या चढली, आणि लोकशिक्षणाची मोहीम हाती घेतल्यावर ती पुन्हा उतरली. अमेरिकेत फसलेला दाखला स्वीडनमध्ये काही अंशी उपयोगी पडला तो बहुधा अशासाठी की त्याच्या जाचामुळे प्राणी आयात होण्याचेच प्रमाण मर्यादित राहत होते.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे. देशी कासवे पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरीही पाठीवर तारकांची नक्षी असलेले देखणे कासव घरी ठेवल्याने लक्ष्मी नांदते अशा समजुतीपायी त्याचा चोरटा व्यापार चालत आला. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारास सर्वांत कडक प्रतिबंध लागू झाला. तांबड्या कानाचे अमेरिकन कासव मात्र मुंबई-पुण्याच्या मासे विकणाऱ्या दुकानांतून राजरोस मिळत आले आहे, आणि विकताना 'हे एवढेच राहते' असे खुशाल सांगितले जाते. ते एवढेच राहत नाही. नीट खाऊ घातले तर काही वर्षांत ताटाएवढे होते, मादी एक फुटापर्यंत वाढू शकते, आणि आयुष्य वीस ते चाळीस वर्षांचे असते. तेव्हा घरोघरचे कंटाळलेले धनी त्याला जवळच्या तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करणीत सोडून येतात, आणि देवळात नंदीपुढे दगडी कासव पाहून कूर्मावताराला नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना त्यात पुण्यकर्म केल्यासारखेही वाटते. प्रत्यक्षात हे परदेशी कासव जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत आहे. ते देशी कासवांचे खाणे आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते, आणि आपल्या अंगचे जंतू त्या पाण्यात नेते.

घरातल्या पालीचा उल्लेख केल्याविना मराठी वाचकाचे समाधान होणार नाही. पाल पडलेले दूध किंवा आमटी विषारी होते अशी आपली पक्की समजूत आहे, आणि पालीच्या अंगी विष नसते हे शास्त्राने सांगितल्यामुळे ती समजूत खुळी म्हणून सोडून देण्याचीही चाल पडली आहे. दोन्ही बाजू थोड्या थांबल्या पाहिजेत. पालीला विष नाही हे खरे. परंतु उष्ण देशांतील घरपालींच्या विष्ठेत साल्मोनेला वारंवार सापडलेला आहे, आणि ज्या अन्नात पाल पडली ते अन्न टाकून देण्याची आजीची शिस्त, तिचे कारण चुकीचे असूनही, पूर्णपणे योग्य होती. उघडे राहिलेले पीठ, झाकण न घातलेले दूध आणि भिंतीवरून फडताळात उतरणारी पाल यांचा संबंध तिने जोडला होता. दोष कशात आहे ते सांगणारे शास्त्र तिच्यापाशी नव्हते, इतकेच.

आपल्या गावोगावच्या सर्पमित्रांना याहून थेट सांगितले पाहिजे. धामण किंवा पाणदिवड हाताने धरली की ती भयाने अंगावर विष्ठा आणि उग्र वासाचा स्राव सोडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दंशाची काळजी घेणारे हे धाडसी तरुण त्या घाणेरड्या हातांनीच लोकांनी दिलेला चहा घेतात, शाळेत साप दाखवताना मुलांना तो शिवू देतात, आणि मुले लगोलग डबा खायला बसतात. नागाच्या विषावर रुग्णालयात प्रतिविष मिळते म्हणून निर्धास्त असणाऱ्याने बिनविषारी सापाच्या शेपटीकडच्या भागाचीही दखल घेतली पाहिजे.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने लिहायची आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकारात साल्मोनेला हाडांत जाऊन बसण्याचा धोका फार मोठा असतो, आणि महाराष्ट्रात हा विकार नंदुरबार, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतील आदिवासी व अन्य समाजांत पुष्कळ आहे. अशा मुलाच्या घरी कासव, साप किंवा घोरपड असता कामा नये, आणि ताप येऊन हाड दुखू लागल्यास डॉक्टरला विकाराचे नाव आणि घरातल्या प्राण्याचे नाव ही दोन्ही आपणहून सांगितली पाहिजेत. हे दुसरे सांगणे सर्वांनाच लागू आहे. जुलाब लागलेले मूल आणले की डॉक्टर बाहेरचे काय खाल्ले ते विचारतो, घरी काय पाळले आहे ते क्वचितच विचारतो. विडालच्या परीक्षेवरून या जंतूंचे निदान होत नाही, त्यासाठी मळाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो, आणि तो पाठवण्याची कल्पना सुचायला कासवाचा उल्लेख कानी पडावा लागतो. उपचार साधाच असतो, शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे. प्रतिजैविक सौम्य दुखण्यात द्यायचे नसते, कारण त्याने दुखणे लवकर बरे न होता जंतू शरीरात उलट अधिक काळ रेंगाळू शकतात. तान्ह्या मुलाचा आणि अशक्त माणसाचा निर्णय मात्र डॉक्टरच करील.

पाच वर्षांखालचे मूल ज्या घरात आहे तेथे सरपटणारा प्राणी आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि अमेरिकेच्या आरोग्यखात्याचाही सल्ला तोच आहे. ज्या घरात तो आधीच आहे, आणि मुलांचा त्याच्यावर जीव जडला आहे, त्यांना तो टाकून द्या असे सांगण्याची मला इच्छा नाही, कारण तो त्या प्राण्यावर अन्याय होईल आणि तळ्यावरही. वर सांगितलेल्या परिचितांनी काय केले ते सांगतो. त्यांनी काचपेटी ओट्यावरून उचलून मागच्या गॅलरीत, पावसाचा मारा न लागेल अशा कोपऱ्यात नेली; तिच्यासाठी एक बादली, एक घासणी आणि एक फडके वेगळे काढून त्यांवर तांबड्या रंगाची खूण केली, म्हणजे चुकूनही ती वस्तू स्वयंपाकघरात येणार नाही; पाणी आता संडासात ओततात, आणि कासव जमिनीवर फिरायला सोडले तर ती जागा बाळाला रांगायला देण्यापूर्वी जंतुनाशकाने पुसतात. गॅलरीच्या दाराशी साबणाची वडी टांगलेली आहे. थोरल्या मुलीला कासवाला खाऊ घालण्याची परवानगी आहे, मुका घेण्याची नाही, आणि हात कोपरापर्यंत धुतल्याखेरीज भावाच्या पाळण्याकडे फिरकायचे नाही अशी तिच्याकडून कबुली घेतलेली आहे. परवा मी गेलो तेव्हा तिने आपली पट्टी काढून कासवाची पाठ मोजून दाखवली. पावणेसहा इंच भरली, आणि आता त्याला मोठी पेटी हवी असे तिचे वडिलांपाशी मागणे होते.